थंडीआधी घराची तयारी, तीही कमी पैशात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैसे अगदीच थोडे आहेत, सुरुवात कुठून करू?

फटींपासून. थंडी पडायला लागली की घरात पहिला विषय निघतो तो हीटरचा, आणि पैसा तिथेच जातो, कारण ऊब ज्या वाटेनं बाहेर पळतेय ती वाट तशीच उघडी ठेवून आपण वरून अजून ऊब विकत आणत बसतो. गळक्या माठात कितीही पाणी ओता, तो भरणार नाही. आधी गळती थांबवायची.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी फटी, मग अंथरूण-पांघरूण आणि अंगावरचे कपडे, मग सगळ्यांनी संध्याकाळी एकाच खोलीत बसायची सवय, आणि हे सगळं झाल्यावर गरज उरलीच तर हीटर. पहिल्या तीन गोष्टींना खर्च जवळजवळ नाहीच, थोडी मेहनत आहे आणि एक रविवार जातो.

फटी नेमक्या कुठे आहेत हे कळणार कसं?

वारा सुटलेली संध्याकाळ बघा, पंखे बंद करा, एक अगरबत्ती लावा आणि दारं-खिडक्यांच्या कडेकडेनं हळूहळू फिरवा. धूर सरळ वर गेला तर तिथे काही नाही, धूर एकदम आडवा झाला किंवा थरथरला की समजायचं इथून हवा येतेय, तिथे खडूनं खूण करून ठेवायची. फक्त पडदे आधी बाजूला बांधून घ्या, अगरबत्तीनं पडदा पेटायला वेळ लागत नाही.

अगरबत्ती नको असेल तर हाताची मागची बाजू ओली करून फिरवा, ओल्या कातडीला बारीक झुळूकही लगेच कळते. रात्री अजून एक करता येतं, एकानं आत दिवे बंद करून उभं राहायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून दाराच्या कडेनं टॉर्च फिरवायचा, उजेड जिथून आत येतो तिथून थंडीपण येते. खिडकीचं रबर सैल झालंय का ते बघायला कागदाचा तुकडा मध्ये धरून खिडकी लावा, कागद सहज सरकून बाहेर आला तर रबर गेलंय.

दाराखाली सगळेच बघतात. राहून जातात ती ही ठिकाणं: खिडकीची चौकट आणि भिंत जिथे मिळतात ती रेघ, एसीच्या किंवा केबलच्या पाईपसाठी पाडलेलं भोक, किल्लीचं भोक, पोटमाळ्याचं झाकण, सिंकखाली पाईप भिंतीत जातो ती जागा. सिंकखालचं तर कोणी वाकून बघतच नाही.

आणि "एवढ्याशा फटीनं काय होतंय" असं वाटत असेल तर हिशोब करून बघा. दार ९० सेंटिमीटर रुंद आहे आणि खाली १ सेंटिमीटरची फट आहे, म्हणजे झाली ९० चौरस सेंटिमीटर जागा, म्हणजे भिंतीला साडेनऊ बाय साडेनऊ सेंटिमीटरचं चौकोनी भोक पाडून ठेवल्यासारखंच झालं. भिंतीला असं भोक असतं तर आपण एक रात्रसुद्धा तसं सोडलं नसतं.

दाराखालची फट बुजवायला घरातलंच काही चालेल का?

चालेल, आणि विकतच्यापेक्षा चांगलं होतं. जुनी, गुडघ्याला फाटलेली जीन्स असेलच कुठेतरी. तिचा एक पाय मांडीपासून कापा, उलटा करून खालचं टोक दुहेरी टीप घालून शिवून टाका आणि परत सुलटा करा. आता आत भरायला जुने मोजे, बनियन, फाटलेल्या चादरीच्या पट्ट्या, जे असेल ते. पण नुसतं कापड भरलं की ते हलकं होतं आणि दार उघडलं की लांब सरकतं, म्हणून मधेमधे धुतलेल्या कोरड्या वाळूच्या दोन-तीन छोट्या पुरचुंड्या घालायच्या, पिशवीत घट्ट बांधून, म्हणजे ते जमिनीला चिकटून बसतं. भरताना काठीनं दाबत जा, मधे पोकळ राहिलं तर तिथे वाकतं आणि तिथूनच हवा येते. वरचं तोंड शिवलं की झालं. आमच्या मागच्या दाराला असंच एक आहे, चार हिवाळे झाले, दर वर्षी फक्त झटकून उन्हात टाकते.

एक काळजी घ्या. घरात वयस्कर माणूस असेल तर ते दारातून जायच्या वाटेत पडलेलं नको, अडखळून पडतील. दाराला खालून दोन नाड्या लावून बांधून टाका म्हणजे दाराबरोबरच फिरेल.

खिडकीच्या फटींना फोमची चिकटपट्टी मिळते, स्वस्त असते आणि कात्रीनं कापता येते. लावायच्या आधी चौकट ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्या. धुळीवर लावली की आठवड्यात लोंबायला लागते आणि मग लोक म्हणतात पट्टीच भिकार होती.

खिडकीची काच बर्फासारखी गार पडते, त्याला काय करायचं?

सामानाबरोबर फुग्याफुग्यांचं प्लास्टिक येतं ना, बबल रॅप, ते फेकू नका. काचेच्या मापाचं कापा, काचेवर पाण्याचा हलका फवारा मारा आणि फुग्यांची बाजू काचेकडे करून दाबून बसवा, नुसत्या पाण्यावर ते चिकटून राहतं, कडेला थोडी टेप लावली की पुरे. फुग्यांतली अडकलेली हवा जागची हलत नाही आणि स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते, सगळी करामत त्या हवेची आहे. बाहेरचं नीट दिसत नाही पण उजेड येतो. ज्या खिडकीतून बघायचं असतं ती सोडून बाकीच्यांना लावा.

पडदे जाड हवेत, आणि जाड नसतील तर आहे त्याच पडद्याला आतून जुनी चादर टाचून दुहेरी करा. पडदा खिडकीच्या खाली नीट उतरलेला आणि दोन्ही बाजूंनी भिंतीला टेकलेला पाहिजे, नाहीतर काचेजवळ गार झालेली हवा खालून निसटून सरळ तुमच्या पायावर येते. आणि पडद्यांची वेळ पाळा, यात सगळ्यात जास्त फायदा आहे: ऊन येतंय तोवर सताड उघडे, सूर्य मावळला की लगेच बंद, अंधार पडेपर्यंत थांबायचं नाही. पृथ्वीच्या उत्तर भागात राहत असाल तर हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडून, त्या बाजूच्या खिडक्यांच्या काचा थंडीआधी लख्ख पुसून घ्या. फुकटची ऊब आहे ती.

मग घर अगदी हवाबंदच करून टाकू का?

नाही, इथे मी हात जोडून सांगते, नाही.

फटी बुजवणं वेगळं आणि हवेचा मार्ग बंद करणं वेगळं. स्वयंपाकघरातला झरोका, बाथरूमचा पंखा, गॅस गीझर किंवा बॉयलर जिथे आहे तिथली भिंतीतली जाळी, चिमणी, हे कधीही बुजवायचं नाही, कितीही गार वारा येत असला तरी. काहीही जळतं तेव्हा त्याला ऑक्सिजन लागतो आणि तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे माणूस श्वास घेत असतो पण शरीराला ऑक्सिजन मिळत नसतो, आणि झोपेत असेल तर तो उठतच नाही.

पण कोळशाची शेगडी विझत आलेली असेल तर खोलीत ठेवली तर चालते ना? धूर तर नसतो.

नाही चालत, आणि धूर नसणं हाच तर घात आहे. धुमसणारा निखारा, ज्याला धूर नाही, वास नाही, तो सगळ्यात जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडतो. "दार थोडं किलकिलं ठेवलं होतं" हेही पुरत नाही. दर हिवाळ्यात अख्खी कुटुंबं अशी जातात, शेगडी घेऊन झोपलेली, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं, पैसे वाचवायचे होते. कोळसा, लाकूड, बार्बेक्यूची शेगडी, जनरेटर यातलं काहीही झोपायच्या खोलीत नको. खोली गरम करायला स्वयंपाकाचा गॅस पेटवून ठेवणं तर मुळीच नको.

डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय, आणि बाहेर गेलं की बरं वाटतं, किंवा घरातल्या सगळ्यांना एकदम तसंच होतंय, तर सर्दी-ताप समजून झोपू नका. सगळ्यांना उघड्या हवेत न्या आणि डॉक्टरला गाठा. घरात काहीही जळणारं उपकरण असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या. बाकी सगळीकडे मी काटकसर सांगतेय, इथे नाही सांगणार.

हीटर घ्यायचाच झाला तर कुठला?

आधी एक गोष्ट पक्की करा म्हणजे जाहिरातीला फसणार नाही. रॉडवाला, पंख्याचा, तेलाचा, कुठलाही साधा विजेचा हीटर १ युनिट वीज घेऊन १ युनिटचीच उष्णता देतो. महागडा हीटर त्याच विजेत जास्त गरम करतो असं काही नसतं. फरक आहे तो ऊब कशी मिळते यात. लाल होणारा रॉड किंवा हॅलोजन समोर बसलेल्या माणसाला थेट शेकतो, हवा फारशी तापवत नाही, म्हणून एकटं माणूस तासभर बसणार असेल तर तो बरा. तेलाचा हीटर उशिरा तापतो पण बंद केल्यावरही ऊब राहते, चार जण संध्याकाळभर बसणार असतील तर तो.

एसीत गरम हवेची सोय असेल तर तीच वापरा. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो, त्यामुळे फार कडाक्याची थंडी नसेल तर १ युनिट विजेत दोन-तीन युनिटची ऊब मिळते. पुष्कळांच्या घरी ही सोय असूनही ते शेजारी हीटर लावून बसलेले असतात, रिमोटवरचं बटण कधी दाबलेलंच नसतं.

हिशोब सोपा आहे. १००० वॅटचा हीटर तासभर चालला की १ युनिट. रोज चार तास धरले तर महिन्याला १२० युनिट. त्याउलट गादीवर अंथरायची विजेची चादर साधारण १०० वॅटच्या आतली असते, झोपायच्या आधी तासभर लावली तरी महिन्याला तीनच युनिट होतात. खोली गरम करण्यापेक्षा माणूस गरम करणं किती स्वस्त पडतं ते इथे कळतं.

आणि पिनेकडे लक्ष द्या. २३० व्होल्टवर २००० वॅटचा हीटर जवळपास ९ अँपिअर ओढतो, त्याला मोठं सॉकेट पाहिजे, थेट भिंतीतलं. आमच्याकडे एकदा साध्या एक्स्टेंशन बोर्डवर लावला होता, तासाभरानं जळक्या प्लास्टिकचा वास आला म्हणून उठून बघितलं तर पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं आणि पिन ओढली तर निघेना. त्या बोर्डवर मुलाच्या वह्या पडल्या होत्या. तेव्हापासून हीटर एक्स्टेंशनवर लावायचा नाही, पडदा-गादीपासून कमीत कमी मीटरभर लांब, त्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत आणि झोपताना बंद, हे चार नियम आमच्याकडे मोडत नाही कोणी.

हीटर दिवसभर बारीक चालू ठेवला तर स्वस्त पडतो म्हणतात, खरं का?

नाही. घर आत जितकं गरम आणि बाहेर जितकं गार तितकी उष्णता जोरात बाहेर जाते, मग कोणी नसताना गरम ठेवलेलं घर ती उष्णता फुकटच बाहेर सोडत असतं. लागेल तेव्हा लावा. आणि आकडा ३० वर नेला म्हणून खोली लवकर तापत नाही, हीटर त्याच वेगानं तापतो, फक्त थांबायचं तिथे थांबत नाही.

मेणबत्तीवर मातीची कुंडी उलटी ठेवून खोली गरम होते, असा व्हिडिओ बघितला.

मेणबत्तीतून जेवढी उष्णता निघते तेवढीच निघते, कुंडी ठेवल्यानं वाढत नाही. एक मेणबत्ती जेमतेम ८० वॅट देते, एका माणसाच्या अंगातूनही साधारण तेवढीच निघते. म्हणजे खोलीत अजून एक जण येऊन बसला तर तेच होईल, आणि आग लागायची भीती नाही.

पांघरुणं दोन-दोन घेऊनही रात्री हुडहुडी भरते, काय चुकतंय?

बहुतेक वेळा चूक खालच्या बाजूला असते. आपण अंगावर थरावर थर घेतो आणि गादी तशीच गार असते, पाठीकडून सगळी ऊब खाली जाते. एक पांघरूण काढा आणि चादरीच्या खाली अंथरा, त्याच रात्री फरक कळेल. लोखंडी किंवा पट्ट्यांचा पलंग असेल तर गादीखाली जुन्या पुठ्ठ्याचे किंवा वर्तमानपत्राचे पाच-सहा थर घाला. जमिनीवर झोपत असाल तर हे करायलाच पाहिजे, सतरंजी, तिच्याखाली पुठ्ठा, मग गादी.

वर घ्यायचं ते फुगीर अंगाला लागून आणि त्याच्यावर पातळ पण घट्ट विणीचं काहीतरी, म्हणजे फुगीर थरात अडकलेली हवा जागेवर राहते. खूप जड काही वर टाकू नका, खालचं दबून जातं आणि दबलेल्या रजईत हवा उरत नाही. जुनी रजई दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकून काठीनं झोडपली की तिचा कापूस परत फुलतो, नवीन घ्यायच्या आधी एवढं करून बघा. जुन्या मऊ सुती कपड्यांची गोधडी शिवता येत असेल तर तिच्यासारखं काही नाही.

पलंग बाहेरच्या भिंतीला चिकटलेला असेल तर आतल्या भिंतीकडे सरकवा. पाय गार असले की झोपच लागत नाही म्हणून कोरडे, सैल मोजे घाला, घट्ट मोज्यानं रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलटे जास्त गार पडतात.

गरम पाण्याची रबरी पिशवी वापरणं सुरक्षित आहे का?

हो, नीट वापरली तर, आणि खर्चाच्या मानानं इतकी ऊब देणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. उकळतं पाणी घालायचं नाही, उकळी आल्यावर थोडं थांबायचं. दोन तृतीयांशच भरायची, मग आडवी धरून हलकं दाबून आतली हवा काढायची आणि पाणी तोंडाशी आलं की बूच घट्ट. वरून कापडी खोळ किंवा टॉवेल. अंगाखाली घेऊन त्यावर झोपायचं नाही, पायाशी ठेवायची.

आता तिच्या गळ्याजवळ बघा, बहुतेक पिशव्यांवर रबरातच एक छोटं फूल उमटवलेलं असतं, लोक त्याला नक्षी समजतात. मधे दोन आकडे असतात ते वर्षाचे, भोवतीच्या बारा पाकळ्या म्हणजे महिने, आणि पाकळ्यांत बारीक ठिपके असतात ते आठवड्यांचे. म्हणजे पिशवी कधी बनली ते तिथे लिहिलेलं आहे. दोन-तीन वर्षं झाली की बदलून टाकायची, रबर वरून ठीक दिसलं तरी. सासूबाईंची पिशवी मी असंच फूल वाचून काढून टाकली, नऊ वर्षांची होती, पिळून बघितलं तर घडीवर बारीक बारीक भेगा होत्या. कुठल्याही रात्री पायावर फुटली असती.

भिंतीला ओल येते, कपाटामागे काळे डाग पडतात. थंडीत का होतं हे?

गरम हवेत वाफ जास्त मावते. २० अंशाच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहतं, १० अंशाला साधारण ९ ग्रॅमच. मग ती गरम दमट हवा गार काचेला किंवा कपाटामागच्या गार भिंतीला लागली की जास्तीचं पाणी तिथेच सोडते आणि त्यावर बुरशी धरते. ही बुरशी दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना फार त्रास देते, नुसता दिसायला वाईट डाग म्हणून सोडू नका.

वाफ येते ती आपल्याकडूनच: आंघोळ, झाकण न ठेवता केलेला स्वयंपाक आणि घरात वाळत घातलेले कपडे, पिळलेल्या कपड्यांच्या एका मोठ्या धुण्यातून दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं. कपडे बाहेरच वाळवा, जमलंच नाही तर एका खोलीत दार लावून, खिडकी थोडी उघडी ठेवून. भांड्यावर झाकण ठेवा, गॅसपण कमी लागतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. सकाळी काचेवर पाणी दिसलं की फडक्यानं टिपून ते फडकं बाहेर पिळा. आणि दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा. तेवढ्या वेळात हवा बदलते पण भिंती-फर्निचर गार होत नाहीत, खिडकी बंद केली की खोली लवकर सावरते. दिवसभर एक खिडकी किलकिली ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

घरात म्हातारं माणूस आहे. खोली किती गरम असली पाहिजे?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात थंडीत घरात किमान १८ अंश असावं असं म्हटलंय, आणि म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारी माणसं असतील तर त्याहून थोडं जास्त. एक साधा थर्मामीटर भिंतीला टांगा, अंदाजावर जाऊ नका, कारण वय झालं की थंडी वाजल्याचं नीट कळतच नाही. "मला काही नाही होत" असं म्हणतील आणि हात बर्फासारखा असेल. पोटाला किंवा पाठीला हात लावून बघा. बोलणं अडखळतंय, गुंगी आल्यासारखं करतायत, अंग गार आणि तरी कुडकुडत नाहीत, तर शरीराचं तापमान ३५ च्या खाली गेलं असू शकतं, लगेच डॉक्टर. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, म्हणून पहाटे उठल्या उठल्या थेट गार बाथरूममध्ये पाठवू नका, शाल, मोजे, कानटोपी घालूनच.

डायबिटिस असेल तर पायाची संवेदना गेलेली असू शकते. त्यांनी पाय हीटरसमोर किंवा पिशवीवर ठेवले तर भाजलेलं कळत नाही, फोड आल्यावर कळतं. त्यांना मोजे आणि पांघरूणच बरं.

आणि थोडी दारू घेतली की ऊब येते हा समज काढून टाका. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंद होतात म्हणून गरम वाटतं, प्रत्यक्षात आतली उष्णता भराभर बाहेर जाते.

आणि तान्हं बाळ?

बाळाला गार पडू नये म्हणून आपण जे करतो त्यातच धोका असतो. वर्षाच्या आतल्या बाळाजवळ झोपेत जड रजई, उशी, सैल ब्लँकेट, गरम पिशवी काही नको, तोंडावर आलं तर त्याला बाजूला करता येत नाही. अंगात कपड्यांचे थर घाला, आपल्यापेक्षा एक जास्त, आणि झोपताना टोपी काढा, बाळ जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यातून सोडतं. हातपाय थोडे गार असणं ठीक आहे, मानेच्या मागे किंवा छातीला हात लावून बघा, घाम असेल तर एक कपडा कमी करा.

आंघोळीच्या गरम पाण्याचं बिल कमी कसं करू?

बादली घ्या. १५ लिटरची बादली १५ अंशावरून ४० अंशावर न्यायला अर्ध्या युनिटहूनही कमी वीज लागते. शॉवर मिनिटाला ८ लिटर धरला आणि आठ मिनिटं उभं राहिलं तर ६४ लिटर, म्हणजे जवळपास दोन युनिट. चार माणसांच्या घरात महिन्याला काय फरक पडेल तुम्हीच मांडा. टाकीच्या गीझरचं तापमान फार खाली आणून ठेवू नका, कोमट साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात, ६० अंशावर ठेवा, काम झालं की बंद करा आणि एकामागोमाग एक आंघोळी उरका. ६० अंशाचं पाणी काही सेकंदांत भाजतं, म्हणून मुलांसाठी बादलीत आधी गार पाणी, मग गरम.

हीटिंग रॉड वापरत असाल तर पाण्यात हात घालायच्या आधी बटण बंद करून पिन काढायची, दर वेळी, अपवाद नाही. धातूची बादली नको आणि मूल आसपास असेल तर बाथरूमचं दार बाहेरून बंद.

लोकरीचे कपडे कपाटातून काढले तर भोकं पडलेली आहेत.

कसर लागली. पतंग नाही खात, त्याची अळी खाते, आणि घामाचे-जेवणाचे डाग असलेली लोकर तिला जास्त आवडते, म्हणून ठेवताना धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट बंद पिशवीत. आता काढलेले कपडे उन्हात टाकून ब्रशनं झाडा. स्वेटर फार गेला असेल तर उसवून लोकर परत वापरा, किंवा बाह्यांचे पायमोजे करा. बाळाच्या कपड्यांत-पांघरुणांत मात्र डांबरगोळ्या अजिबात ठेवू नका, काही बाळांना जन्मतः जी६पीडी या, रक्तपेशींना जपणाऱ्या घटकाची कमतरता असते, त्यांच्या रक्तपेशी त्या वासानं फुटतात आणि कावीळ वाढते.

नवीन घ्यायचं झालं तर एका जाड कोटाऐवजी तीन पातळ थर. अंगाला लागून घट्ट बसणारं, मधे लोकरीचं किंवा फ्लीसचं, वर वारा अडवणारं. घाम येईल असं काम करणार असाल तर आतून सुती नको, सुती ओलं झालं की गारठा धरून बसतं, लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब देते.

आमच्याकडे पाणी गोठतं इतकी थंडी पडते. नळाचं काय?

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, पाईप त्यानंच फुटतात. बाहेरच्या आणि भिंतीलगतच्या पाईपांना फोमची नळी किंवा जुन्या कपड्यांच्या पट्ट्या गुंडाळा, वरून प्लास्टिक, नाहीतर कापड भिजून उलटंच होईल. फार गारठ्याच्या रात्री नळ थेंबथेंब सोडून ठेवा. घरात येणारं पाणी बंद करायचा मुख्य कॉक कुठे आहे ते आजच सगळ्यांना दाखवा, आणि तो फिरतो का तेही बघा, वर्षानुवर्षं कोणी हात न लावल्यानं जाम झालेला असतो. गोठलाच तर नळ उघडा ठेवून, नळाच्या टोकाकडून मागे मागे हेअर ड्रायरनं किंवा गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्यांनी वितळवा. आगीनं कधीच नाही.

भाड्याचं घर आहे, भोकं पाडता येत नाहीत, मालक काही करत नाही.

वर सांगितलेलं बहुतेक सगळं भाड्याच्या घरात चालतं, जाताना काढून नेता येतं. चिकटपट्टी काढताना हेअर ड्रायरनं गरम केली की रंग निघत नाही. पण भिंतीची ओल हे सहसा मालकाचं काम असतं, तारीख घालून फोटो काढा आणि लेखी कळवा, नुसतं तोंडी सांगून सोडू नका.

सामान कधी घेतलं तर स्वस्त पडतं?

थंडी संपताना. दुकानदाराला माल हलवायचा असतो. या वर्षी जे कमी पडलं ते आत्ताच एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, हिवाळा सरताना तोच कागद घेऊन जा. सेकंड हँड ब्लँकेट, पडदे घ्यायला काहीच हरकत नाही, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. सेकंड हँड हीटर आणि विजेची चादर मात्र नको, आतली वायर कुठे मोडलीय ते बाहेरून दिसत नाही.

एवढं करूनही बिल भरणं जमत नसेल तर?

थकबाकी साठायच्या आधी वीज किंवा गॅस कंपनीला कळवा आणि हप्ते मागा, वीज तोडल्यावर विचारण्यापेक्षा आधी विचारलं की जास्त ऐकतात. काही ठिकाणी म्हाताऱ्या माणसांसाठी, कमी उत्पन्नासाठी सवलत असते, अर्ज केल्याशिवाय ती मिळत नाही. दुपारी वाचनालयासारख्या उबदार ठिकाणी बसा. शेजारी पटत असेल तर संध्याकाळी दोन घरांनी मिळून एकाच खोलीत बसा, एक दिवस त्यांच्याकडे, एक दिवस तुमच्याकडे, एकच हीटर पुरतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी एकट्या असतात, त्या गेल्या हिवाळ्यात रोज सात ते दहा आमच्याकडेच असायच्या, विणकाम घेऊन यायच्या. जाताना मी त्यांची गरम पाण्याची पिशवी भरून द्यायचे आणि जिन्यातून वर जाईपर्यंत दार उघडं ठेवून उभी राहायचे.